खवले मांजराचे चार डाव

फार पूर्वी एका डोंगरावर लढाईचा कायदा होता: आळीपाळीनं डाव घ्यायचा आणि एका डावात एकच काम करायचं. माथ्यावरच्या रिंगणात तापावरची मुळी होती, आणि तिच्यावर रानडुकराचा पहारा होता. ससेमावशी तापानं फणफणली तेव्हा आधी कोल्हा गेला, मग तरस गेला. दोघांनीही सगळे डाव डुकराला चावण्यात घालवले. त्याची जाड कातडी कुठली फाटतेय! दोघंही लंगडत परतले.

मग खवले मांजर निघालं. त्यानं पंच घुबडाला आधीच विचारलं, "आजोबा, डावात मारायलाच हवं का?"

"एक काम, एवढंच," घुबड म्हणालं.

पहिल्या डावात त्यानं मुळीभोवती उकरलं. डुकरानं धडक दिली. दुसऱ्या डावातही त्यानं उकरलंच. डुकराच्या दुसऱ्या धडकेनं त्याचे दोन खवले उडाले. तिसऱ्या डावात त्यानं मुळी उपटली आणि ती पोटाशी धरून तिसरी धडक सोसली. चौथ्या डावात ते रिंगणाबाहेर पडलं.

"अरे, एकदाही मारलं नाहीस! मी जिंकलो!" डुक्कर ओरडलं.

"जिंकलात की, दादा," खवले मांजर चालता चालता म्हणालं. "मुळी उगाळताना मावशीला सांगतो तसं."