गेनबानं घराला कंपनीचं नाव लावलं

एका बाजाराच्या गावात एक मांडववाला होता. गेनबा त्याचं नाव. लग्नाला मांडव घालायचा, खुर्च्या आणि स्वयंपाकाची मोठी भांडी भाड्यानं द्यायचा. वीस वर्षं खांब वाहून त्यानं तीन खोल्यांचं घर बांधलं होतं.

एकदा शेजारच्या गावात दुसऱ्याच एका मांडववाल्याचा मांडव पडला. माणसं जखमी झाली आणि भरपाईपायी त्याचं राहतं घर गेलं. ते ऐकून गेनबानं दुसऱ्याच दिवशी धंदा बंद ठेवला. तो तालुक्याला उपळेकर वकिलांकडे गेला.

वकील म्हणाले, "तुमच्या धंद्याची कंपनी करा. धंदा वेगळा, तुम्ही वेगळे. उद्या धंद्यावर दावा झाला, तर कंपनीचं असेल तेवढंच जाईल. घर वाचेल. तीस हजार फी."

"कागदाला तीस हजार?"

"कागदाला नाही, घराला."

गेनबाला काही उमजलं नाही. कंपनी म्हणजे कोण? ती राहते कुठं? ती आपल्याला सांभाळणार, की आपण तिला? पण बाकावर आणखी दोन पक्षकार बसलेले. त्यांच्यापुढं अडाणी ठरायची लाज वाटली. त्यानं जाणत्यासारखी मान डोलावली. वकील पुढं बरंच बोलले. हा डोलावतच राहिला.

घरी बायकोनं, सगुणानं विचारलं, "एवढे पैसे देऊन आणलंत काय?"

"कंपनी."

"कुठंय?"

"ती दिसत नाही."

"न दिसणाऱ्याला तीस हजार? अहो, देवाचं सुद्धा आपण एका नारळावर भागवतो!"

आठ दिवस गेनबानं डोकं खाजवलं. मग त्याला वाटलं, समजलं. कंपनी घर वाचवणार, तर घरावर तिचं नाव नको का? नाव नसेल तर कोर्टाला कळायचं कसं? मांडवाच्या धंद्यात नाव म्हणजेच सगळं. लग्नाला गेलेलं पातेलं परत येतं, ते त्यावर नाव घातलेलं असतं म्हणून. बिननावाचं गेलं ते गेलंच.

त्यानं भांड्यांवर नावं घालणारा कारागीर घरात आणून बसवला. घरातला हंडा, कळशी, परात, सगळ्यांवर कंपनीचं नाव घातलं. कपाटावर रंगानं लिहून घेतलं. सगुणाच्या माहेरच्या तांब्यावर तिच्या आईचं नाव होतं. तेही घासून काढायला लावलं.

"त्याला तरी हात लावू नका," ती म्हणाली.

"अगं, तुझ्याच भल्याचं आहे. आता याला कुणाच्या बापाचा हात लागत नाही."

शेवटी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. माझं घर कंपनीचं आहे, तसं नाव लावावं. खाली सही.

ग्रामसेवकानं विचारलं, "नक्की ना?"

"वकिलाला विचारून आलोय," गेनबा म्हणाला. विचारलं तर काहीच नव्हतं.

वैशाखात वावटळ आली आणि भर लग्नात मांडव कोसळला. नवरदेवाच्या मामाचा पाय कायमचा अधू झाला. दावा लागला, भरपाईचा हुकूम निघाला. कंपनीजवळ तेवढे पैसे नव्हते. कोर्टाचा बेलिफ जप्तीला आला.

गेनबा हसत सामोरा गेला. "बघा साहेब, सगळ्यावर कंपनीचं नाव आहे."

"बघतोय," बेलिफ म्हणाला आणि यादी करायला बसला. हंडा, कळशी, परात, कपाट, तांब्या. "सोपं केलंत हो. नाहीतर घरचं कुठलं नि धंद्याचं कुठलं, यातच दिवस जातो आमचा."

टेम्पो भरला. दाराला घरजप्तीची नोटीस चिकटली. गेनबाला काही कळेना. तो टेम्पोमागं धावला. "अहो, ते कंपनीचं आहे!"

"म्हणूनच तर नेतोय!" बेलिफ ओरडला.

गेनबा तसाच वकिलांकडे गेला. वकिलांनी ग्रामपंचायतीतल्या त्याच्या अर्जाची नक्कल वाचली आणि कपाळाला हात लावला. "कंपनीचं असेल ते जाईल, असं सांगितलं होतं मी. आता घर तुमचं आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागेल. लाखभर खर्च येईल."

"माझं घर माझं आहे हे सांगायला लाख?"

"तुमचं नाही, असं तुम्हीच सहीनिशी लिहून दिलंय."

सगुणानं पाटल्या मोडल्या. दोन वर्षं तारखा पडल्या, तेव्हा कुठं घर सुटलं. त्या दिवशी उंबऱ्यावर बसून ती म्हणाली, "कंपनी म्हणजे काय, एवढं त्या वकिलाला विचारलं असतंत, तर त्याचे वेगळे किती घेतले असते त्यांनी?"

"काहीच नाही," गेनबा म्हणाला.

तात्पर्य: घर राखायला वकिलाची फी पडते, ती मुकाट द्यावी. पण दिलेल्या पैशात काय घेतलं, हे कळल्याशिवाय तिथून उठू नये, मग चार माणसं अडाणी म्हणाली तरी चालेल.