सावरीखालचं उभं स्टूल

घानामधल्या त्या गावात शिरताना उजव्या हाताला सावरीचं एक जुनं झाड लागतं. त्याच्याखाली एक लाकडी स्टूल असतं आणि शेजारी पाण्यानं भरलेला तुंबा. स्टूल उभं आहे, यातच सगळं आलं. कारण त्या मुलखात बसून उठलेला माणूस आपलं स्टूल लगेच आडवं करतो. रिकाम्या जागेवर एखादा भटका आत्मा येऊन टेकेल, अशी भीती. चार महिने हातपंप बसवत मी गावोगाव हिंडलो होतो आणि बाकी काही जमलं नाही तरी स्टूल आडवं करायला शिकलो होतो. मला वाटलं, कुणीतरी विसरलंय. मी वाकलो, तोच एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझं मनगट धरलं.

हे नाना क्वाबेना, निवृत्त शाळामास्तर. वडीलधाऱ्याला तिथेही नानाच म्हणतात. त्यांनी मला दुसऱ्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि गप्प राहिले. कोण, कुठला, काय काम काढलंस, एक अक्षर नाही. आमच्या मिरजेकडे पाहुण्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर असतानाच त्याचं गाव, आडनाव आणि पगार विचारून झालेला असतो. पाण्याआधी काम विचारायचं नाही, ही रीत मी त्या देशात सगळीकडे पाहिली होती. सुरुवातीला मला तो तुटकपणा वाटायचा आणि त्या शांततेत घराची फार आठवण यायची. या गावात तर घोटभर पाणी पोटात गेल्यावरही बराच वेळ कुणी तोंड उघडत नव्हतं. मीच न राहवून स्टुलाचं विचारलं.

नाना म्हणाले, पाण्याआधी काम न विचारायची रीत आमच्या गावानं एकदाच मोडली.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. त्या काळी माणसं पळवून नेणाऱ्या टोळ्या फिरत. उत्तरेकडून कोरडा, धुळीचा वारा सुटला होता आणि गावातली विहीर तळाला गेली होती. पंचांनी ठरवलं, अनोळखी माणसाला आधी काम विचारायचं, पाणी मग. झाडाखाली पाणी द्यायला अफुआ नावाची बाई असे. तिचा धाकटा भाऊ क्वाकू वीस वर्षांपूर्वी मीठ वाहणाऱ्यांबरोबर गेला तो परतला नव्हता. आईवडील वारले होते, घरात ती एकटी होती. वाटेवरची जागा तिनं मागून घेतली होती म्हणे, येणारा प्रत्येक माणूस आधी आपल्याला दिसावा म्हणून.

एका दुपारी एक माणूस आला. दाढी वाढलेली, अंगभर धूळ, ओठ फुटलेले. तो त्या स्टुलावर बसला. अफुआच्या हातात भरलेला तुंबा होता. तिनं विचारलं, काय काम काढलंस? त्यानं तोंड उघडलं, पण घसा इतका सुकला होता की आवाजच फुटेना. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं तिच्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. तिथे बसलेल्या पंचांना वाटलं, तो पाणी मागतोय आणि उत्तर टाळतोय. तिसऱ्यांदा विचारूनही शब्द आला नाही, तेव्हा त्यांनी त्याला वाट दाखवली. अफुआनं तुंबा आपल्याजवळ ओढला. तो उठला आणि ओढ्याच्या दिशेनं गेला.

ऊन कलल्यावर ती आवराआवर करायला वळली, तर ते स्टूल आडवं केलेलं होतं. नुसतं आडवं नव्हे, बैठक झाडाच्या खोडाकडे वळवून टेकवलेलं. गावात सगळे स्टूल आडवं करत. पण बैठक अशी आत वळवायची सवय एकाच घरात होती. तिच्या आईनं ती दोघा लेकरांना रागावून रागावून लावली होती.

तुंबा घेऊन ती धावली. ओढा कोरडा होता, दोन हाकांच्या अंतरावर. तो तिथे पालथा पडला होता, हातांनी वाळू उकरलेली. तिनं त्याला मांडीवर घेतलं, ओठांना पाणी लावलं. पाणी हनुवटीवरून वाळूत गेलं. ती म्हणाली, "क्वाकू, पाणी आणलंय रे. पी आधी. मी काही विचारत नाही."

ती रात्रीपर्यंत तेच म्हणत होती, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी तिनं ते स्टूल झाडाखाली उभं केलं आणि शेजारी तुंबा भरून ठेवला. लोक घाबरले. भटका आत्मा येऊन बसेल, म्हणाले. अफुआनं एवढंच सांगितलं, "बसू दे. त्याच्यासाठीच ठेवलंय." मरेपर्यंत तिनं ते आडवं होऊ दिलं नाही, आणि तिच्यामागं गावानंही.

नाना थांबले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, कसं येणं केलंत? मी पंपाचं सांगितलं. आणि कुणास ठाऊक का, पुढे मिरजेच्या घराचंही सांगत बसलो. तिथे बायको गेल्यापासून कुलूप मीच लावतो आणि मीच उघडतो. ते ऐकत राहिले. उठताना मी माझं स्टूल आडवं केलं. त्यांनी मान डोलावली.

आता तिथे पंप आहे, तरी आजही त्या झाडाखाली ते एक स्टूल उभंच असतं आणि गावातल्या बायका आळीपाळीनं तुंबा भरतात. सकाळी पाणी थोडं कमी झालेलं असतं. शेळ्या पीत असतील, हे नाना स्वतःच म्हणाले. पण तुंब्याशी हालचाल झाली तरी कुणी वळून पाहत नाही. कोण आलंय, ते पाणी पिऊन होईपर्यंत विचारायचं नसतं.