दिशाकाक आणि पाण्याची वाट

पूर्वी वेळापट्टण नावाच्या बंदरात महीधर राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व कावळ्याच्या कुळात जन्मला होता. साधासुधा कावळा नव्हे, दिशाकाक. त्या काळी दूर जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर एक कावळा असे. किनारा हरवला की त्याला सोडायचे. तो जिकडे उडून जाईल आणि परतणार नाही, तिकडे जमीन. डोलकाठीवर परत येऊन बसला, तर अजून पाणीच पाणी. या कामाचे बोधिसत्त्वाला रोज भाताचे दोन गोळे मिळत.

एके वर्षी भद्रवाह नाखव्याने ताऱ्यांवरून दिशा सांगणारा माणूस ठेवला. भद्रवाह बोधिसत्त्वाला म्हणाला, "बाबा, राग मानू नकोस. तारे भात मागत नाहीत." (त्या काळी कावळे बोलत असत. माणसे ऐकतही असत, हे त्याहून नवल.) जहाज गेले. बोधिसत्त्व धक्क्यावर राहिला.

घरी बायको कज्जला आणि तीन पिल्ले होती. त्याने इतर जहाजांवर विचारून पाहिले, पण सगळीकडे तारे आले होते. मग मासळीचे टाकाऊ तुकडे वेचणे एवढाच उद्योग उरला. तो सकाळीच आटपे आणि पोट अर्धेच भरे. बाकीचे बेकार दिशाकाक वडावर बसून जुन्या सफरींच्या गोष्टी सांगत आणि दर खेपेला समुद्र थोडा मोठा करीत. बोधिसत्त्वाला वाटले, जन्मभर आपण या पाण्यावरून उडालो, पण पाण्याखाली काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. तो खाडीच्या मुखाशी जाऊन बसू लागला.

तिथे चिखल्या नावाचा इवलासा पक्षी परतणाऱ्या लाटेमागे तुरुतुरु पळत होता.

"का रे, लाटेच्या मागे का पळतोस?" बोधिसत्त्वाने विचारले.

"पुढे पळालो तर भिजेन," चिखल्या म्हणाला. "आणि लाट जाता जाता सांगून जाते, वाळू कुठे साचली, पाणी कुठे खोल आहे. शिकायचं असेल तर खाली उतर. वरून सगळं सारखंच दिसतं."

बोधिसत्त्व उतरला. ओहोटीला चिखल तुडवत चालला आणि चारदा रुतला. तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, वेचणाऱ्या बाया हसल्या. एक म्हणाली, "बघा गं, आता कावळेही आपल्या धंद्यात आले." तिच्याच मागे फिरून त्याने गाळाची पारख शिकून घेतली. खेकड्यांच्या बिळांत मानेपर्यंत डोके घालून पाहिले. कावळ्याची मान राखाडी असते ती तेव्हाच्या चिखलाने, असे सांगतात. मी कशाला खोटे म्हणू? पावसाळ्यात खाडीने सारी वाळू इकडची तिकडे केली, तेव्हा तो सगळे पहिल्यापासून शिकला.

"याचा उपयोग काय हो?" कज्जला विचारी.

"अजून ठाऊक नाही," तो म्हणे. खरोखरच ठाऊक नव्हते.

हिवाळ्यात एका सकाळी दाट धुके पडले आणि खाडीच्या मुखाशी शिंग वाजले. भद्रवाहाचे जहाज परत आले होते. ओहोटी लागली होती, प्रवाह जहाजाला खडकांकडे ओढत होता, आणि आत यायची जुनी वाट पावसाळ्यात बुजली होती, हे जहाजावर कोणालाच ठाऊक नव्हते.

कज्जलाने हवेत चोच फिरवली. "अहो, तांदूळ आहे त्यात. जहाज फुटलं तर पिल्लं वर्षभर जेवतील. आपण काही फोडायला जात नाही. नुसतं बसून राहायचं."

"तांदळाबरोबर माणसंही तरंगतील, कज्जले. चाळीस आहेत."

कज्जला घरट्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तर मग जा ना. मला सांगत काय बसलात?"

बोधिसत्त्व धुक्यात शिरला. त्याला पाहताच भद्रवाहाला हुंदका आला. "आपला कावळा! तू सरळ किनाऱ्याकडे उड. आम्ही मागोमाग येतो."

"सरळ उडालो तर मी पोचेन आणि तुम्ही खडकावर चढाल," बोधिसत्त्व म्हणाला. "जहाजाला पंख नाहीत, नाखवा. आज मी पाण्याच्या वाटेने उडणार आहे. आवाजामागे या."

तो पाण्यालगत, काव काव करीत, आधी उजवीकडे गेला, मग चक्क मागे वळला, मग डावीकडे.

"हा प्यायलाय," सुकाणूवाला म्हणाला.

"असू दे," भद्रवाह म्हणाला. "तू वळव."

तळ एकदा वाळूला घासला. पुढच्या वळणावर पाणी एकदम खोल झाले, प्रवाह मंदावला, आणि नांगर पडल्याचा आवाज धक्क्यापर्यंत गेला. काही जण रडले, काही उगाच हसत सुटले. तारे सांगणारा माणूस डेकवर आडवा पडून म्हणाला, "कावळेबुवा, मला शिकवाल का हे?"

भद्रवाहाने ताजा भात उपसून आधी पिल्लांकडे पाठवला. मग म्हणाला, "चूक झाली माझी. कामावर परत ये."

"येतो," बोधिसत्त्व म्हणाला. "पण बंदरात असताना ओहोटीची वेळ माझी. वाळू पुन्हा सरकली असेल."

धन्याने कामावरून काढल्याने हातमाग बंद पडून विहाराच्या पायरीवर खिन्न बसलेल्या एका विणकराला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली, आणि पुढे म्हणाले, "तेव्हाचा भद्रवाह म्हणजे तुला कामावरून काढणारा तुझा धनी. कज्जला म्हणजे घरी तुझी वाट पाहणारी तुझी पत्नी. चिखल्या म्हणजे अंगणात झाडू मारणारा तो म्हातारा भिक्षू, आणि दिशाकाक म्हणजे मीच."

काम सुटले तरी जी सुटत नाही आणि उपाशी पोटीही जिला दुसऱ्याचे बुडणे पाहवत नाही, ती प्रज्ञा.