पहिली हळद

अकोटचं वऱ्हाड गुहागरला उतरलं, तेव्हापासून नवरदेवाचे चुलते बापूसाहेब देशमुख एकच पालुपद लावून बसले होते, "आमच्याकडं असं नसते." मांडवाच्या झावळ्यांपासून पंगतीतल्या सोलकढीपर्यंत सगळ्याला तेच. मुलाकडचे वडीलधारे म्हणून कुणी उलट बोललं नाही.

हळदीच्या दिवशी नवरी सुमेधा पाटावर बसली. तिच्या घरी पहिली हळद आईनं लावायची रीत होती. कुमुदताई वाटी घेऊन पुढे आल्या, तोच बापूसाहेब म्हणाले, "थांबा. आमच्याकडं विधवेचा हात हळदीला लागत नाही."

कुमुदताईंनी वाटी खाली ठेवली आणि त्या मागे सरल्या.

सुमेधानं शांतपणे विचारलं, "काका, ही रीत तुम्हाला कुणी सांगितली?"

"आमच्या आईनं. वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. घरातली एकूण एक रीत तिनंच सांभाळली. तिच्या शब्दाबाहेर आमच्या घरी एकही कार्य झालं नाही."

"म्हणजे तुमच्या घरची सगळी शुभकार्यं एका विधवेच्या शब्दावर पार पडली. तिचा शब्द शुभ, तर माझ्या आईचा हात अशुभ कसा?"

बापूसाहेब खाली ठेवलेल्या वाटीकडे बघत म्हणाले, "माझ्या हळदीला आई आतल्या खोलीत बसून होती. मी तिला बाहेर ये म्हटलं नाही."

त्यांनी वाकून वाटी उचलली आणि दोन्ही हातांनी कुमुदताईंपुढे धरली.

"लावा, विहीणबाई."