अकरा वेळा अंधार

चालू होताना दिवा एक क्षण जरा जास्तच पांढरा का होतो?

हा प्रश्न मला पहिल्याच चाचणीला पडला होता. कुणाला विचारला नाही. दिवा माझा, जोडणी माझी, विद्युत शाखेत पहिली आलेली मी... विचारायचं कुणाला?

आता चारपैकी तीन दिवे मेले होते.

स्पर्धेचा प्रयोग संध्याकाळी सातला. मिरजेच्या नाट्यगृहात भर दुपारी दारं लावून मी रंगमंचावर बसले होते, समोर शेवटचा पन्नास वॉटचा एलईडी. वादळाच्या प्रवेशात तो अकरा वेळा विझून पेटायचा होता, झटक्यात. मूळ वीज बंद करून चालत नव्हतं. दिव्याला वीज पुरवणारा ड्रायव्हरचा डबा जागा व्हायला दीड सेकंद घ्यायचा. म्हणून मी बटण डबा आणि दिवा यांच्यामध्ये, तारेत घातलं होतं.

दस्तगीरचाचा चाळीस वर्षं तिथल्या लाइट्सवर बसत, प्रयोगाचे दिवे चालवत आलेले. लाइटवाला दिसला की नाटक मेलं, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पोरीचा दिवा टिकला तर आज पोरगी बसेल, नाहीतर मी आणि माझा जुना हॅलोजन, असं त्यांनी सगळ्या नटांसमोर सांगून टाकलं होतं.

त्यांनी मेलेला एक दिवा उचलून हुंगला.

"हा विझवलास तवा काय केलंस?"

"करंट तोडला."

"तुटला?"

विझला म्हणजे तुटलाच की, असं मी म्हणाले. चाचांनी डब्याकडे बोट करून त्याचं काम काय, ते विचारलं. मी परीक्षेच्या पेपरात लिहिलं होतं तसं घडाघडा सांगितलं... समोर काहीही असो, हा ठरलेला दीड अँपिअर ढकलत राहतो, त्यासाठी लागेल तेवढं व्होल्टेज चढवतो.

"काहीही असो?"

"हो."

"आणि समोर काहीच नसलं तर, इंजिनेरबाई...?"

मी डब्याच्या टोकांवर मीटर लावला. दिवा जळताना चौतीस व्होल्ट. बटण बंद केलं.

चोपन्न.

"तू दार लावलंस," चाचा म्हणाले. "तो काय गेला न्हाई. दारामागं फुगत बसला. परत उघडलंस की..."

आणि तो मेलेला दिवा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

या डब्याला शॉर्ट, म्हणजे दोन टोकं थेट जोडलेली, सोसतो का, असं त्यांनी मग विचारलं. मी माहितीपत्रक काढलं. सोसतो, कितीही वेळ, असं छापलेलं होतं. ते वाक्य मी आधीही वाचलं होतं.

त्यांनी मला बटण काढून तारा सरळ जोडायला लावल्या. दिवा पेटला. मग त्यांनी खिशातून उघड्या तारेचा तुकडा काढला, रबरी मुठीच्या पकडीत धरला आणि थेट दिव्याच्या दोन्ही टोकांवर टेकवला.

मी किंचाळले.

बारीकशी ठिणगी. दिवा विझला. डबा शांत... व्होल्टेज जवळजवळ शून्य.

"आणि करंट?" चाचांनी विचारलं.

मी करंटसाठी तारेत लावलेल्या दुसऱ्या मीटरकडे पाहिलं. दीड अँपिअर. तोच. दिव्याला बगल देऊन त्या एवढ्याशा तुकड्यातून निवांत फिरत होता.

चाचांनी तुकडा उचलला. दिवा पेटला, आणि पहिल्या क्षणीही जास्त पांढरा झाला नाही.

पुढचं मला कुणी सांगावं लागलं नाही. मूळ वीज बंद केली. मीटर शून्यावर येईपर्यंत तारांना हात लावला नाही. मग बटण दिव्याच्या दोन टोकांमध्ये आडवं बसवलं... दाबलं की अंधार, सोडलं की उजेड. डाख दिला, टाका पक्का बसला.

चाचा तोवर खाली जाऊन शेवटच्या रांगेत बसले होते.

मी सगळे दिवे घालवले, फक्त माझा ठेवला. एक, दोन, तीन... अकरा. वादळ आलं. अकराव्या वेळी बटण दाबूनच ठेवलं. माझा ऊर अभिमानानं भरून आला होता. अशी जोडणी या नाट्यगृहात आजवर कुणी केली नसणार, आणि ती मी केली होती, माझ्या हातांनी.

"चाचा, बसू ना आज मी?"

उत्तर नाही.

"चाचा... टिकला की दिवा."

मला एकदम भीती वाटली की ते उठून गेलेत, आणि मी रिकाम्या खुर्च्यांशी बोलतेय.

"चाचा?"

शेवटच्या रांगेतून खोकल्याचा आवाज आला.

"अंधार झाला, बाळ... तू तेवढी दिसायलीस अजून."