निम्मा तलाव

“मग सांगा उस्ताद, यात काय कमी पडतंय?”

पाटणकर सरांनी विचारलं खरं, पण उत्तर आपल्याच खिशात असल्याच्या थाटात. रसायनशास्त्राची डॉक्टरेट, एकतीस वर्षं कॉलेजात शिकवलेलं, आणि आता मिरजेबाहेरच्या बंगल्यात स्वतःचा पोहण्याचा तलाव! रविवारी कॉलेजातली सगळी जुनी मंडळी पोहायला यायची होती. आणि पाणी झालं होतं हिरवंगार.

काठावर बाबालाल उस्ताद उकिडवे बसले होते. शाळा चौथीपर्यंत, पण नगरपालिकेचा तलाव त्यांनी हयातभर सांभाळलेला.

“क्लोरीन मोजलं?”

“रोज मोजतो. हवं त्याच्या दुप्पट आहे.”

“तरी हिरवं?”

“तेच तर!” सरांनी आपलं घोडं पुढं दामटलं. “उन्हानं क्लोरीन उडून जातं, म्हणून मी स्टॅबिलायझर घातला. म्हणजे क्लोरीनला सावली, कळलं का? शिवाय गोळ्या आणल्या त्या भारीतल्या. त्या गोळीतही स्टॅबिलायझर असतोच. दुहेरी बंदोबस्त!”

“गोळ्या रोज?”

“रोज दोन. दीड वर्षात एक दिवस चुकलो नाही.”

उस्ताद पाण्याकडे बघत राहिले.

“क्लोरीन उडून जातं... सावली कुठं जाते, सर?”

“ती कुठं जाणार? पाण्यातच साठत...” सर रोजच्या दोन गोळ्या बोटांवर मोजू लागले.

तपासणीच्या पेटीतून उस्तादांनी एक नळी काढली. तिच्या तळाशी काळा ठिपका होता. सरांनी ती कधी वापरलीच नव्हती. किती घातलंय ते पाठ असताना मोजायचं कशाला?

मग बाटलीभर तलावाच्या पाण्यात पेटीतली पूड मिसळली, बाटलीतलं पाणी दुधाळ झालं.

“हे नळीत ओता हळूहळू, वरून बघत. ठिपका दिसेनासा झाला की थांबा. जितका लवकर जाईल, तितका स्टॅबिलायझर जास्त.”

सर ओतू लागले. नळी दोन बोटं भरली नाही तोच ठिपका गायब.

सरांच्या कानशिलांना आग लागली. जे आपण फळ्यावर लिहून शिकवलं असतं, ते चौथी शिकलेल्या माणसानं एका प्रश्नात दाखवावं? लाज वाटली, रागही आला.

“क्लोरीन आहे, पण सावलीत अडकलंय,” ते पुटपुटले. मग आवाज चढवून म्हणाले, “ठीक आहे. यावर उतारा काय घालू? नाव सांगा, पुण्याहून आजच मागवतो!”

उस्ताद उठले. तलाव रिकामा करायच्या व्हॉल्व्हपाशी गेले आणि चाकावर हात ठेवला.

“घालायचं काही नाही, सर. सावली पाण्याबरोबरच जाते. विहिरीला नवं पाणी आहे ना?”

“अहो, थांबा! आहे, पण विहीर हळू भरते. रविवारपर्यंत तलाव निम्मासुद्धा भरायचा नाही. चारचौघांत नाक कापायचंय का माझं?”

उस्तादांनी चाकावरचा हात काढला. दोन पावलं बाजूला सरकले.

सर तलावाभोवती एक फेरी मारून आले.

शेवटी पाटणकर सर धोतर सावरत खाली बसले. त्यांनी स्वतःच्या हातानं चाक फिरवलं. दीड वर्षाची मेहनत खळखळत नाल्याकडे निघाली. ती वाहताना त्यांना बघवेना.

“किती सोडू, उस्ताद?”

“वाईट वाटायचं थांबेल तोवर.”