भिंतीवरचं उलटं अंगण

“मग याला साक्षात्कार नाही तर काय म्हणायचं, बाबा?”

हिरागीर गोसावी शिष्याशेजारी अंधाऱ्या खोलीत मांडी घालून समोरची पांढरी भिंत पाहत होते...

भिंतीवर अंगण उमटलं होतं. निंबाचा शेंडा खाली, बुंधा वर. माणसंही तशीच, डोकं खाली आणि पाय आढ्याकडे, रंगासकट, हलतीचालती.

त्र्यंबक हा गोसावींचा शिष्य. हुशार होता, आणि ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. साधनेसाठी त्याने घरातली कोठीची खोली निवडली, खिडकी शेणामातीने लिंपून टाकली आणि दार लावून बसला. दाराच्या फळीतली गाठ निसटून हरभऱ्याएवढं भोक पडलं होतं, तेवढं राहिलं.

भिंतीवर हे दिसू लागल्याचा गावभर बोभाटा झाला. आज बायामाणसं सकाळपासून नारळ घेऊन उन्हात उभी होती. गोसावींनी एकदा ‘हो’ म्हटलं, की त्र्यंबक आजच गादीवर बसून उपदेश द्यायला मोकळा.

गोसावी उठले. दारातल्या भोकावर त्यांनी तळवा ठेवला. भिंत कोरी झाली. हात काढला, अंगण परत आलं.

त्र्यंबक जरासुद्धा डगमगला नाही. भगवंताने आपल्यासाठी मुद्दाम ठेवलेला तो झरोका आहे, असं त्याने गुरूंनाच समजावून सांगितलं.

“आणि त्यातून तुला कळलं काय?”

“अवघा संसार उलटा आहे, बाबा. सुलटा मी एकटा.”

उत्तर बाहेरून देतो, असं म्हणून गोसावी निघाले. जाताना दार ओढून घेतलं.

थोड्याच वेळात भगवी कफनी भिंतीवर आली. तीही डोकं खाली. लोकांत जाऊन ती थांबली. गोसावींची मान हलत होती. होकाराची की नकाराची? त्र्यंबकाचा जीव टांगणीला लागला. त्या उलट्या चेहऱ्यावरून काही उमगेना. त्याने मान तिरकी केली, आणखी तिरकी केली. शेवटी भिंतीकडे पाठ करून तो ओणवा झाला आणि पोरांसारखा दोन पायांमधून बघू लागला.

आता गुरू सुलटे दिसले. त्यांच्याबरोबर सगळेच सुलटे झाले.

एक म्हातारी तांब्या घेऊन लोकांना पाणी देत फिरत होती. ती त्याची आई होती. सकाळपासून याच भिंतीवर वावरत होती आणि त्याला ओळखू आली नव्हती. त्र्यंबकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दार उघडलं. लख्ख उजेड आत आला. उंबऱ्यात गोसावी, त्यांच्यामागे अख्खं गाव, आणि त्र्यंबक तसाच ओणवा.

“बाबा, तुमचा चेहरा नीट दिसावा म्हणून...”

“मी तर आत्ता गेलो तिथं,” गोसावी म्हणाले. “ही माणसं सकाळपासून उभी आहेत.”